पावतीवर नसलेली सुई

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोडं घ्यायला आलेला माणूस आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघतो. गळ्याला देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, आहे का, एखादा भोवरा भलत्या जागी पडलाय का, चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असा पंचकल्याणी आहे का, यात अर्धा-पाऊण तास जातो. मग ओठ वर करून दात. मग कोणीतरी लगाम धरून रवाल चाल काढून दाखवतो, हलगी कडाडते, घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहते, बघे शिट्ट्या मारतात आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा ठरतो. मागच्या पायाचा सांधा हाताने चाचपणारं गिऱ्हाईक मी तीस वर्षांत फार तर दहा-बारा पाहिलं असेल. त्या सांध्यात गेल्या आठवड्यात कोणी काही टोचलं होतं का, असं विचारणारा एकही नाही.

मी जनावरांचा डॉक्टर, आता निवृत्त. नोकरी नांदेड-लातूर पट्ट्यात गेली, ती बहुतेक लाल कंधारी, देवणी गुरं आणि शेळ्यांच्या मागे. घोडे वाट्याला आले ते वरातीचे, धनगरांच्या बिऱ्हाडातली तट्टं, आणि मार्गशीर्ष वद्यात खंडोबाच्या यात्रेतले. त्यामुळे मी कोणी अश्वतज्ज्ञ नव्हे. पण जे सांगायचंय त्याला तज्ज्ञ लागत नाही. यात्रेत आणि लग्नसराईत घोड्याच्या सांध्यात सर्रास सुई दिली जाते, तिची कुठेही नोंद होत नाही, आणि नोंद नसल्यामुळे तिच्याने काय होतं हे देणाऱ्यालाही कधी कळत नाही. हा मालक आणि सुईवाला यांच्यातला खासगी मामला आहे असं आपण धरून चाललोय. माझ्या मते ते चूक आहे.

सुई का देतात ते आधी बघू. नाचरी घोडी म्हणजे सगळा भार मागच्या पायांवर. डांबरी रस्त्यावर तीन-तीन तास, समोर डीजे, पाठीवर नवरदेव, आणि दर पन्नास पावलांवर दोन पायांवर उभं राहायचं. पाच-सहा हंगामांत मागचा सांधा झिजतो, हाड वाढतं. घोडेवाले त्याला हड्डा म्हणतात. पूर्वी त्यावर बिबा घालत, नाहीतर सळई तापवून डाग देत. अघोरी प्रकार होता आणि उपयोग शून्य, पण एक खरं, डागणीची सळई सांध्याच्या आत जात नव्हती. आता ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडं आली. सांध्यात दिली की सूज ओसरते आणि लंगडणारी घोडी दोन-तीन दिवसांत मोकळी चालते. औषध चांगलं आहे. नीट हाताने, नीट जागी दिलं तर घोड्याला खरा आराम पडतो. मी स्वतः दिलंय, त्यामुळे सुईवर बंदी घाला असं म्हणायला मी बसलेलो नाही.

अडचण सांध्याच्या रचनेत आहे. सांधा ही चहूबाजूंनी बंद पिशवी. आतलं पाणी फिकट पिवळं आणि चिकट असतं. दोन बोटांत धरून ओढलं तर एकतारी पाकासारखी तार निघते. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती त्याच पाण्यावर जगते आणि एकदा खाल्ली गेली की पुन्हा पहिल्यासारखी भरून येत नाही. अशा पिशवीत जंतू शिरले तर आत साका, म्हणजे चिकट गाळ, धरतो. त्या साक्यात जंतू लपतात, आणि पुठ्ठ्यावर दिलेलं अँटिबायोटिक तिथवर पुरेसं पोचत नाही. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी जे रस सोडतात, ते जंतूंबरोबर कूर्चाही खातात. हे सगळं काही दिवसांचं काम. कातडीवर एरवी निरुपद्रवी राहणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस यात सगळ्यात जास्त सापडतो. वर स्टेरॉइड. पहाऱ्यावरच्या पेशींना झोपवणं हेच त्याचं काम. एरवी सांध्याने पचवले असते इतके थोडे जंतूही स्टेरॉइडच्या सोबत गेले तर घर करतात. आणि तेच औषध वेदना झाकतं, त्यामुळे आत पू धरत असताना घोडी बाहेरून बरी दिसते.

परदेशातल्या चांगल्या व्यवसायांतले आकडे सांगतात की सांध्यातल्या इंजेक्शनने जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण हजारात एक, किंबहुना त्याहूनही कमी. आपल्याकडे थोडंफार वाचलेला माणूस हा आकडा तोंडावर फेकतो. पण तो आकडा नुसत्या औषधाचा नाही. पोव्हिडोन आयोडीन किंवा क्लोरहेक्सिडिनने पाच मिनिटं घड्याळ लावून केलेली धुलाई, गॉज पांढरा निघेपर्यंत. मग स्पिरिट. निर्जंतुक हातमोजे, कोरी सुई, न फोडलेली बाटली, स्थिर उभं जनावर. एवढं सगळं करून मग हजारात एक. माळेगावच्या माळावर पौषाच्या तोंडावर घोड्याच्या अंगावर थंडीचे दाट केस असतात, केसांत फुफाटा, पायांना लीद. सुई म्हणजे पोकळ नळी. आत जाताना ती केसाचा तुकडा, कातडीची बारीक चकती बरोबर घेऊन जाते. स्पिरिटचा बोळा दोनदा फिरवून हे निघत नाही. लिदीत धनुर्वाताचे बीजाणू असतात आणि घोडा धनुर्वाताला फार हळवा. त्याची लस स्वस्त आहे, तरी यात्रेतल्या दहा घोड्यांपैकी कितींना टोचलेली असते, हे विचारून बघा.

केस भादरावेत का, यावर मतभेद आहेत. न भादरलेली कातडी पाच मिनिटं नीट घासली तर तिच्यावरचे जंतू भादरलेल्या कातडीइतकेच कमी होतात, असा एक जुना अभ्यास आहे. मी तरी भादरतो, कारण जंतू मेले तरी केस आत जायचा तो जातोच. पण यात्रेत कोणी भादरू देत नाही. का, तर गिऱ्हाइकाला दिसेल. सांध्यावर चौकोनी भादरलेली जागा म्हणजे सुई दिल्याची जाहिरात. म्हणजे जे केल्याने धोका कमी होतो, ते विक्री बिघडते म्हणून टाळायचं. या बाजारातली सगळी गोम या एका वस्तऱ्यात आहे.

एक घोडी सांगतो. लातूर रस्त्यावरच्या एका गावात वरातीसाठी घोडी ठेवणारे चाचा होते. बाप टांगेवाला, आजा टांगेवाला. टांगा गेला तशी यांनी वरात धरली. यात्रेतून त्यांनी एक नुकरी, म्हणजे पांढरी, घोडी आणली, दोन लाख दहा हजारांना, त्यातले लाखभर उसने. आणल्यावर पाचव्या दिवशी सकाळी मला फोन. "साहेब, परवापासून पाय टेकीना गेलीय. मुरगळलं म्हणून नालबंदानं मालीश केली, तर जास्तच झालं."

गेलो. घोडी ठाणावर तीन पायांवर उभी, चंदी तशीच पुढ्यात. डावा मागचा सांधा फुगलेला, हात लावू देईना. बाजूने केस पालथे करत गेलो तर आत कातडीवर पिवळसर डाग, आणि मधोमध खसखशीएवढी खपली. चाचांना विचारलं, सुई कोणी दिली? ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माहीतच नव्हतं. सुई विकण्याआधी दिली होती. धुऊन, जागा बधिर करून मी सांध्यातलं पाणी काढलं. तार निघायला पाहिजे होती, निघालं ते भाताच्या पेजेसारखं, पातळ आणि गढूळ. ते जांभळ्या झाकणाच्या नळीत घालून तालुक्याच्या माणसांच्या पॅथॉलॉजीत नेलं. तिथला पोरगा म्हणाला, पेशंटचं नाव काय लिहू? मी म्हटलं, लिही काहीही, पण पेशी मोज. चांगल्या सांध्यात पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरला पाचशेच्या आत असतात. तीस हजारांच्या वर गेल्या की जंतूच समजायचे. या घोडीच्या निघाल्या अडुसष्ट हजार.

दोन जाड सुया आरपार ठेवून लिटर-लिटर सलाइनने सांधा धुतला. दोनदा धुतला. सांध्यात अमिकासिन हे अँटिबायोटिक, शिरेतून वेगळं. आर्थ्रोस्कोपी करून, म्हणजे सांध्यात दुर्बीण घालून, साका काढता आला असता तर वेगळं झालं असतं, पण ती सोय जवळपास नव्हती आणि दूर न्यायला टेम्पोचं भाडं चाचांकडे नव्हतं. तरी सांध्याची सूज उतरायला लागली होती. मारलं ते दुसऱ्या पायाने. घोड्याचं तीन-साडेतीनशे किलोचं वजन. दुखरा पाय उचलून ठेवला की त्याचा भार शेजारच्या पायावर दिवस-रात्र. गाईसारखं घोडं दिवसच्या दिवस बसून काढू शकत नाही. नवव्या दिवशी उजव्या मागच्या पायाचा खूर गरम लागला, आतून सुटायला लागला होता. सतराव्या दिवशी घोडी गेली. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद होता, आणि लागला असता तरी त्याला विचारायचं काय? पावतीवर रंग लिहिलेला, वय लिहिलेलं, भोवरे लिहिलेले. सुईचा उल्लेख असायचं कारणच नव्हतं.

आता तो सुईवाला. मला पुढे त्याचा पत्ता लागला. गावोगाव फिरून जनावरांवर उपचार करणारा साधा माणूस, हात हलका. तो शपथेवर म्हणाला, "शंभर घोड्यांना दिलीय साहेब, एकालाबी काही झालं नाही." मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. धोका हजारात एक सोडा, शंभरात एक धरला तरी सलग शंभर सुया बिनघोर जाण्याची शक्यता छत्तीस-सदतीस टक्के निघते. म्हणजे असं म्हणणारे तीन सुईवाले घेतले तर त्यातला एक निव्वळ नशिबाच्या जोरावर खरं बोलत असेल. शिवाय यात्रेत सुई दिलेली घोडी तिसऱ्या दिवशी विकली जाते आणि पाचव्या दिवशी बीदरकडे, नाहीतर नगरकडे लंगडते. देणाऱ्याला ती पुन्हा दिसत नाही. त्याच्या लेखी ती बरी होऊन गेली.

हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवायला सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मीही लिंबाच्या झाडाखाली, स्पिरिटचा बोळा फिरवून, तीन घोड्यांना सांध्यात सुई दिली होती. हातमोजे नव्हते. बाटली आदल्या आठवड्यात फोडलेली होती. तिन्ही घोडे त्याच आठवड्यात विकले गेले. कित्येक वर्षं मी माझ्या हातून तीन बरे झाले असं मोजत होतो. चाचांच्या घोडीनंतर मोजायचं सोडलं.

यावर पहिलं उत्तर येतं ते कायद्याचं. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ प्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यकालाच उपचाराचा अधिकार आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना राज्य सरकार किरकोळ सेवांची परवानगी देऊ शकतं, तीही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. सांध्यात स्टेरॉइड घालणं लसीकरणाच्या, मलमपट्टीच्या रांगेत बसत नाही, हे उघड आहे. मग पकडा सगळ्यांना? मला हे पटत नाही. श्रेणी दोनच्या दवाखान्यांतले पदविकावाले पशुधन पर्यवेक्षक नसते तर मराठवाड्यातली निम्मी जनावरं वाऱ्यावर पडली असती. आणि नोंदणीकृत डॉक्टरांपैकीही घोड्याच्या सांध्याला हात घालायचा सराव किती जणांना आहे? परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, पण तिथे येणारं जनावर म्हणजे गाय, म्हैस, शेळी. साहजिक आहे, भागच तसला. पोलीस आणून सुईवाल्यांना यात्रेतून हाकललं तर ते यात्रेच्या अलीकडच्या गावात सुई देतील. अंधारात, कंदिलावर. धोका वाढेलच.

दुसरं उत्तर, घोडे उरलेतच किती की त्यांच्यावर डोकं चालवावं? २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टं सव्वासहा लाख होती, २०१९ ला तीन लाख चाळीस हजार. निम्म्याच्या जवळपास घट. खरं आहे. पण जे उरले ते कोणाकडे आहेत बघा. शर्यतीच्या तबेल्यांची गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर पगारी असतो. मराठवाड्यात घोडं आहे ते वरातवाल्याकडे आणि धनगराच्या वाड्यावर. दहा म्हशींपैकी एक गेली तर नऊ उरतात. वरातवाल्याची एक घोडी गेली की त्या घरात शून्य.

तिसरं उत्तर मालकांचं, आणि मला ते सगळ्यात वजनदार वाटतं. हंगाम चार महिन्यांचा. तारीख घेतलेली असते, बयाणा खाल्लेला असतो. घोडी लंगडली तर नवरदेवाला काय मोटारसायकलवर बसवू? "सुई दिली की पंधरा दिवस बांधून ठेवा" असं डॉक्टरने सांगणं सोपं आहे. ब्रिटनच्या शर्यतींत सांध्यात स्टेरॉइड दिल्यावर १४ दिवस घोडा पळवता येत नाही. वेदना झाकून पळवू नये, हा त्यातला मुख्य विचार. आपल्याकडे वरातीवर असा नियम लादता येणार नाही, कोण राबवणार? पण विक्रीवर लादता येतो. वरातवाला घोडी पुढेही सांभाळणार असतो, त्याला तिची गरज असते. विकणाऱ्याला फक्त तीन दिवस निभवायचे असतात. सगळ्यात वाईट सुया विकणाऱ्याच्या असतात, घाईतल्या आणि लपवलेल्या.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. यात्रेत सौदा झाला की जी पावती फाडतात तिच्यावर आणखी एक ओळ छापा: गेल्या तीस दिवसांत कोणत्या सांध्यात सुई दिली, काय औषध, कोणत्या तारखेला, कोणी. दिली नसेल तर "नाही" लिहून विकणाऱ्याची सही. लोक खोटं लिहितील? लिहितील की. पण आज चाचांच्या हातात काहीच नव्हतं, उद्या निदान खोटी सही असेल. ती घेऊन पंचांपुढे उभं राहता येतं. आणि ज्याने खरं लिहिलं, त्याच्या घोडीचा नवा मालक तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय उचलताना दिसला की नालबंदाकडे जाणार नाही. सुईनंतर पहिल्याच दिवशी येणारी सूज बऱ्याचदा औषधाची चीड असते, पण ती ओसरली नाही, किंवा त्यापुढे दोन-तीन आठवड्यांत केव्हाही पाय टेकेना झाला, तर जंतू धरूनच चालायचं. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी सांध्याचं पाणी काढायचं. पेशी मोजायला घोड्यांची प्रयोगशाळा लागत नाही, तालुक्याची पॅथॉलॉजी पुरते. चाचांचे जे तीन दिवस मालिशीत गेले, ते वाचतात.

पशुसंवर्धन खात्याने त्याच यात्रेत एक टेबल टाकावं. हातमोजे, आयोडीन, गॉज, कोऱ्या बाटल्या. एका सुईमागे शे-दोनशे रुपयांचा मामला. ज्याला आपल्या घोडीला सुई द्यायचीच आहे त्याने इथे यावं, भादरून, धुऊन, नोंद करून घ्यावी, फुकट. सुईवाल्यांनाही बोलवा, बघू द्या पाच मिनिटं म्हणजे किती वेळ असतो. मी त्यातल्या दोघांना एकदा घड्याळ लावून घासायला लावलं होतं. दीड मिनिटातच दोघेही म्हणाले, झालं की साहेब. आणि १९६२ या नंबरवर फोन केला की जो फिरता दवाखाना येतो, त्यात हातमोजे, दोन जाड सुया आणि जांभळ्या झाकणाच्या नळ्या ठेवायला जागा लागते ती चपलेच्या खोक्याएवढी.

इतक्या बारीक गोष्टीत सरकार कशाला पडेल, असं वाटत असेल तर डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आठवा. ते दिलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडं मरायला लागली म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गाई-बैलांना दिल्या जात होत्या, तेव्हा २०१५ मध्ये केंद्राने माणसांची बाटलीच छोटी केली, एका वेळेपुरती. एका बाटलीत किती मिलिलिटर औषध असावं हे आपल्या देशात गिधाडांसाठी ठरलंय. सांध्यात द्यायच्या स्टेरॉइडची फोडलेली बाटली आठवडाभर खिशात फिरू नये, एवढं घोड्यासाठी ठरवायला काय हरकत आहे?

चाचांनी नंतर घोडी घेतली नाही. थोरला मुलगा आता वरातीला सजवलेली जीप भाड्याने देतो, पुढे फुलांचा घोडा लावून. गेल्या वर्षी यात्रेत भेटले. घ्यायचं काही नव्हतं, नुसते बघायला आले होते. एका काळ्या घोडीपाशी थांबले, खाली बसले आणि मागच्या सांध्यावरचे केस उलटे करून बघायला लागले. विकणारा ओरडला, "ओ चाचा, घ्यायचीय का नुसतं चाचपायचंय?"